गाडीत मोठा अँप (अ‍ॅम्प्लिफायर) लावताय? बॅटरी अशी निवडा

गणपतीत किंवा किनाऱ्यावर इंजिन बंद ठेवून गाणी वाजवली की तासाभरात सेल्फ मारत नाही, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची.

१. खोक्यावरचा 'मॅक्स' वॅटचा आकडा विसरा, आरएमएस (सतत देता येणारी खरी पॉवर) बघा. क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) अँपसाठी आरएमएस भागिले १०, म्हणजे ढोबळ अँपिअर. ६०० वॅटला साधारण ६०. गाण्यात सरासरी खेच याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे २०.

२. बॅटरीचे निम्मेच एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवण) वापरायचे असं धरा. ४५ एएचची बॅटरी इंजिन बंद असताना जेमतेम तासभर पुरेल. जास्त वेळ हवा तर ट्रेमध्ये बसेल तेवढी मोठी घ्या. परवडत असेल तर एजीएमच (काचेच्या तंतूंच्या थरात ॲसिड शोषलेली, सीलबंद बॅटरी). साधीला वारंवारचा खोल डिस्चार्ज मुळीच सोसत नाही.

३. इंजिन चालू असतानाही बासबरोबर हेडलाइट मंदावत असेल, तर आधी अर्थिंग आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) तपासा. नुसती बॅटरी बदलून पैसे जातील.

खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी लवकर धरते. ते घासून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावा.

अँपच्या पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली की गाडी पेटते.