पाणी आणि वन्यजीवांवरचा संयुक्त शालेय प्रकल्प: या चुका टाळा

दोन-तीन शाळा मिळून तळ्याचा किंवा ओढ्याचा अभ्यास करतात, तेव्हा घोळ उघडा पडतो तो तक्ते एकत्र करायच्या दिवशी. आकडे भरपूर, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

बहुतेक वेळा दोष वेळेचा असतो. एका गटाने सकाळी सातला विरघळलेला ऑक्सिजन मोजला, दुसऱ्याने दुपारी दोनला. निष्कर्ष काय, तर दुसरं तळं जास्त निरोगी! शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री सगळेच जीव तो वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारी सामूही (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा pH) चढतो, कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वनस्पतींनी घेतलेला असतो. शिवाय २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. तेव्हा वेळ ठरवून घ्या, आणि तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा तुलनेला घेऊच नका.

दोन शाळांचे सामू-मापक वेगळं दाखवतात? आधी दोन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवा. तिथेही फरक पडला तर दोष तळ्याचा नाही. सामू ७ आणि ४ (पाणी अल्कधर्मी असेल तर ७ आणि १०) असलेल्या प्रमाणित द्रावणांत दोन्ही जुळवून घ्या.

जाळी आधी आणि नमुना नंतर, ही चूक तर हमखास होते. पाणकीटक शोधणारी मुलं तळाचा गाळ ढवळतात आणि मागून आलेला गट त्याच गढूळ पाण्याची पारदर्शकता मोजतो. पाण्याचा नमुना आधी घ्या. ओढ्यात काम खालच्या अंगाने सुरू करून वर सरका. पारदर्शकता मोजायला पाण्यात सोडलेली काळी-पांढरी सेकी चकती दिसेनाशी होण्याआधीच तळाला टेकली, तर खोलीचा आकडा पारदर्शकता म्हणून लिहू नका. ‘तळापर्यंत दिसली’ एवढंच लिहा.

प्राणी-पक्षी मोजताना मुलांना रिकामा रकाना आवडत नाही. पण ‘पाहिलं, सापडलं नाही’ म्हणजे शून्य आणि ‘पाहिलंच नाही’ म्हणजे रिकामं. हे दोन्ही एक झालं की पुढचं गणित गेलं. किती जणांनी किती मिनिटं पाहिलं, हेही लिहा. तोच थवा तीनदा फिरून आला, तर बेरीज नको; एका वेळी दिसलेली सर्वांत मोठी संख्या घ्या.

ओळख ताणू नका. ‘चतुराची अळी’ एवढी नोंद प्रामाणिक आहे. जातीचं नाव अंदाजाने ठोकलं तर कामाची नोंदही बाद होते. हिमोग्लोबिनमुळे लाल दिसणाऱ्या डासमाशीच्या अळ्या कमी ऑक्सिजनमध्ये तगतात, पण एक लाल अळी मिळाली म्हणून तळ्याला प्रदूषित ठरवणं हा उतावीळपणा झाला.

आणि विचित्र आकडा खोडू नका. शेजारी खूण करा, शक्य तर पुन्हा मोजा, दोन्ही आकडे ठेवा.