डिमेन्शियाच्या पेशंटला घरी सांभाळताय? मदत अशी मागा

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचाच, विसरण्याच्या आजाराचा एक प्रकार. सहावं वर्ष चालू. पहिली दोन वर्षं मी सगळ्यांना "जमेल तशी मदत करा हो" म्हणत राहिले, आणि जमेल तशी म्हटलं की कोणालाच जमत नाही हे कळेपर्यंत माझंच बीपी १६० च्या वर गेलं होतं. पेशंटबद्दल सांगणारे ढीगभर भेटतात, सांभाळणाऱ्याने काय करायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी निदान नीट करून घ्या. थायरॉइड, बी१२ कमी होणं, डिप्रेशन यानेसुद्धा विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत, त्यामुळे "वय झालंय, चालायचंच" म्हणून सोडू नका. आणि पुढे कधी एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर आजार वाढला असं धरून बसू नका, लघवीचं इन्फेक्शनही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरला फोन.

मग आठ दिवस एक वही ठेवा. काय झालं, किती वाजता, रात्री तुम्ही किती वेळा उठलात. आमच्या वहीत एका दिवशी "माझी पाटली कोणी घेतली" हा प्रश्न संध्याकाळी पाच ते सात या वेळात एकोणीस वेळा आहे, मी मोजले. अंधार पडायला लागला की बऱ्याच पेशंटची अशी घालमेल सुरू होते. या पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं की मी उगाच रडत नाहीये.

आता वाटणी. इथे मात्र भिडेखातर गप्प बसू नका, काम सांगा, वार सांगा, वेळ सांगा. मी म्हटलं, "भावोजी, महिन्यातले दोन रविवार सकाळी दहा ते सहा आईंजवळ तुम्ही." नणंद न्यू जर्सीला, ताई येऊ शकत नाहीत, पण आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा त्यांच्याकडे सकाळ असते, तर रोज त्या वेळी व्हिडिओ कॉल त्यांचा आणि आईंना सांभाळायला ठेवलेल्या बाईचा पगारही त्यांचाच. लांब राहणाऱ्याला पैसे मागायला लाजू नका.

ब्युरोतून बाई ठेवलीत तर पहिले तीन-चार दिवस तुम्ही घरातच थांबा आणि तिला एका कागदावर खाणाखुणा लिहून द्या. आमच्याकडे "आंघोळ" शब्द काढला की भांडण, पण "चला वेणी घालू" म्हटलं की आई स्वतःहून बाथरूमपर्यंत येतात! "मला घरी जायचंय" म्हणाल्या तर "अहो हेच तुमचं घर" असं समजावत बसायचं नाही, "जाऊ की, चहा घेऊ आणि निघू" म्हणायचं. दहा मिनिटांत विषय बदलतो. हे खोटं बोलणं वाटतं सुरुवातीला, मलाही वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडा, घरात थांबलात तर ती सुट्टी नाही. स्वतःची शुगर, बीपी तपासा. कधी इतका संताप येतो की हात उगारावासा वाटतो, येतो हो, तेव्हा त्यांना सुरक्षित बसवून दुसऱ्या खोलीत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी सरकारची एल्डरलाइन १४५६७. शिवाय एआरडीएसआय ही १९९२ पासून याच आजारावर काम करणारी संस्था आहे, मुंबईतही शाखा आहे, सपोर्ट ग्रुपची चौकशी तिथे करा.

राहिली कागदपत्रं, ती मात्र लवकर. समजून सही करता येतेय तोवर जॉइंट खातं, नॉमिनी, मृत्युपत्र उरकून घ्या. मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका, माणसाला व्यवहार कळेनासा झाला की ते चालत नाही आणि पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. जुन्या टॅक्स रेजिममध्ये उपचाराच्या खर्चावर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट आहे, त्याला न्यूरॉलॉजिस्टचा कागद लागतो आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं. बिलांची फाईल आम्ही तिसऱ्या वर्षी सुरू केली, तुम्ही आजच करा.