‘यावं’ की ‘येते’? इंग्रजीतला सबजंक्टिव्ह असा वापरा

नववीत असताना मी इंग्रजीच्या पेपरात लिहिलं होतं, ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी रेस्ट.’ तपासताना ‘रेस्ट’पुढे लाल पेनाने ‘एस’ जोडला गेला आणि माझा अर्धा गुण गेला. वाक्य बरोबर होतं, हे मला खूप वर्षांनी कळलं. आता मी स्वतः शिकवते, तेव्हा मुलांना पहिल्याच दिवशी सांगते की सबजंक्टिव्ह, म्हणजे घडलेली गोष्ट नाही तर इच्छा, आग्रह किंवा कल्पना सांगणारं क्रियापदाचं रूप, परका नाही. विध्यर्थ (‘यावं’) आणि संकेतार्थ (‘असता तर’) आपण मराठीच्या व्याकरणात शिकलेलो असतो, त्यांच्याच आधाराने तो ओळखायचा.

सुरुवात अशी करा. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी ते मराठीत म्हणा आणि क्रियापदाचं रूप ऐका. ‘तिने वेळेवर यावं असा त्याचा आग्रह आहे’ आणि ‘ती वेळेवर येते असं तो ठामपणे म्हणतो’ ही दोन वाक्यं घ्या. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इन्सिस्ट’च येतं. पहिलं होतं ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी कम ऑन टाइम’ आणि दुसरं ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी कम्स ऑन टाइम’. फरक फक्त एका ‘एस’चा. पण एका वाक्यात ती उशिरा येते म्हणून तो चिडलाय आणि दुसऱ्यात तो तिची बाजू घेतोय! मराठीत हा फरक ‘यावं’ आणि ‘येते’ यांत स्पष्ट ऐकू येतो, म्हणून आधी तिथे कान द्या.

‘यावं’ ऐकू आलं की पुढचं काम सोपं आहे. सजेस्ट, रेकमेंड, डिमांड, इन्सिस्ट, प्रपोज, रिक्वेस्ट ही क्रियापदं किंवा ‘इट इज इसेन्शियल’, ‘इट इज इम्पॉर्टंट’ यांसारखी सुरुवात असेल, तर ‘दॅट’ नंतर कर्ता आणि लगेच क्रियापदाचं मूळ रूप ठेवा. कर्ता कोणताही असो, ‘एस’ नाही. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं तरी हे रूप हलत नाही. ‘बी’ हे क्रियापद असेल तर इज, ॲम, आर यांऐवजी ‘बी’च राहतं. रजेच्या अर्जात ‘आय रिक्वेस्ट दॅट माय लीव्ह बी ग्रँटेड’ असं बिनधास्त लिहा. नकारासाठी ‘डू’ लागत नाही, मूळ रूपाआधी ‘नॉट’ पुरे: ‘शी आस्क्ड दॅट ही नॉट कॉल ॲट नाइट.’

ब्रिटिश इंग्रजीत इथे ‘शुड’ घालायचीही पद्धत आहे, ‘दॅट शी शुड रेस्ट’. तेही बरोबर. अमेरिकन इंग्रजीत मूळ रूपच जास्त चालतं. मात्र ‘ही सजेस्टेड मी टू गो’ ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी चूक मनावर घेऊन सोडून द्या. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ म्हणा.

एक सावधगिरी. प्रत्येक ‘यावं’ इंग्रजीत सबजंक्टिव्ह होत नाही. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ याचं सरळ इंग्रजी ‘आय वाँट हिम टू कम’. असं सांगताना ‘वाँट’ आणि ‘टेल’ यांच्यानंतर ‘टू’च येतं.

दुसरा प्रकार ‘असतो तर’ वाला. ‘मी तुझ्या जागी असते तर ही नोकरी घेतली असती’ यात मी तुझ्या जागी नाही, फक्त कल्पना आहे. म्हणून ‘इफ आय वेअर यू, आय वुड टेक द जॉब’. इथे ‘आय’, ‘ही’, ‘शी’ सगळ्यांना ‘वेअर’. बोलताना ‘वॉज’ही पुष्कळ ऐकू येतं, पण परीक्षेत आणि अर्जात ‘वेअर’ लिहा. आता हे पाहा: ‘तो काल घरी होता, तर त्याने पत्र पाहिलंच असेल.’ इथे तो खरंच घरी असू शकतो, म्हणून ‘इफ ही वॉज ॲट होम यस्टरडे’. मराठीत ‘होता’ तर ‘वॉज’, ‘असता’ तर ‘वेअर’, एवढं तपासलंत की बहुतेक वाक्यं सुटतात.

काही जुने शब्दप्रयोग मात्र तोंडपाठच करावे लागतात: ‘कम व्हॉट मे’, ‘सो बी इट’, ‘गॉड ब्लेस यू’. ब्रिटनच्या राष्ट्रगीतात 2022 साली राणीच्या निधनानंतर ‘क्वीन’च्या जागी ‘किंग’ आला, पण ‘गॉड सेव्ह’मधल्या ‘सेव्ह’ला ‘एस’ तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. कारण अर्थ ‘देव राजाचं रक्षण करतो’ असा नाही, ‘करो’ असा आहे.