बारा दिवसांत चार देश? तिकिटं काढण्याआधी या चुका टाळा

‘दादा, दिवाळीला जोडून बारा दिवस सुट्टी मिळतेय. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, चारही बसतील ना?’ दसरा झाला की असे निरोप येऊ लागतात. विचारणारी मुलं मेहनती असतात. वर्षभर पैसे साठवलेले असतात, वरिष्ठांच्या हातापाया पडून सुट्टी मिळवलेली असते. म्हणूनच त्यांचे आराखडे बघितले की जीव तुटतो, कारण दर वर्षी चुका त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवस तारखेने मोजायचे. बारा दिवस, चार देश, म्हणजे देशाला तीन दिवस, असा साधा भागाकार करून लोक मोकळे होतात. या भागाकारात देश बदलायला लागणारा वेळ धरलेलाच नसतो.

२०२४ च्या जानेवारीत मी बँकॉकहून कंबोडियातल्या सिएम रीपला विमानाने गेलो. उड्डाण जेमतेम तासाभराचं. हॉस्टेलमधून सकाळी आठला निघालो. विमानतळावर पोचायला सव्वा तास, मग सामान, सुरक्षा तपासणी, इमिग्रेशनची रांग. उतरल्यावर पुन्हा व्हिसा आणि शिक्के. त्यात सिएम रीपचा जुना विमानतळ गावाला लागून होता, तो बंद होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा सुरू झाला, आणि हा नवा गावापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लांब आहे. खोलीवर पाठीवरची सॅक टेकवली तेव्हा साडेतीन वाजले होते. तासाभराच्या विमानाने साडेसात तास खाल्ले, आणि त्या दिवशी काहीही चुकलं नव्हतं.

चार देश म्हणजे असे तीन दिवस. त्यात मुंबईहून जाण्याचा आणि परतण्याचा दिवस मिळवा. बारातले पाच गेले, उरले सात. सात दिवसांत चार देश बघणारा माणूस खरं तर विमानतळ आणि बसथांबे बघून येतो.

यावर माझी सवय साधी आहे. चौकटीची वही घेतो आणि दिवस न लिहिता फक्त मुक्काम लिहितो: कुठल्या रात्री कुठे झोपणार. उतरण्याचं आणि वाटेतलं गाव सोडलं, तर एका गावात तीन रात्री बसत नसतील तर ते गाव खोडतो. खोडताना वाईट वाटतं, वाटू द्यावं. मग प्रत्येक प्रवासासमोर दारापासून दारापर्यंतचे तास लिहितो. आठवड्याच्या सुट्टीत एक देश, बारा दिवसांत दोन, आणि फार तर तीन. याच्या वर मी कुणालाही होकार देत नाही.

सिएम रीपजवळच्या अंकोरच्या देवळांचंच घ्या. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत केव्हाही तीन दिवस चालतो. तरी घाईतली मंडळी एक दिवसाचा घेतात, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत नऊ-दहा देवळं धावत करतात आणि संध्याकाळी त्यांना बायोन कुठलं नि ता प्रोह्म कुठलं ते सांगता येत नाही. अंकोर वाट हे तिथलं मुख्य देऊळ पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून उगवतो. तळ्याच्या काठी अंधारात बसलं की आधी बेडकांचा आवाज येतो, मग पाण्यात शिखरांच्या काळ्या आकृत्या उमटतात, आणि अर्ध्या तासाने वरच्या दगडाला रंग चढतो. ज्याला साडेदहाची बस गाठायची आहे तो तेवढा वेळ घड्याळाकडे बघत बसलेला असतो. एक दिवसच हातात असेल तर पास आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर घ्या, त्याच दिवशी सूर्यास्तालाही आत सोडतात.

दुसरी चूक खास आपल्याकडची आहे, आणि ती मी इतक्यांदा बघितली आहे की आता कुणी व्हिएतनामचं नाव काढलं तरी आधी पासपोर्ट दाखव म्हणतो. महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या पासपोर्टावर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. ई-व्हिसाचा फॉर्म भरताना लोक सवयीने फक्त नाव आणि आडनाव लिहितात. मधलं नाव गळतं.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. आम्ही चौघं हनोईला निघालो होतो. गुरुवारची मध्यरात्र, मुंबईचा विमानतळ. काउंटरवरच्या बाईंनी त्याचा पासपोर्ट आणि व्हिसाची प्रिंट शेजारी शेजारी ठेवली, बोट दोन्हींवरून फिरवलं आणि म्हणाल्या, ‘नाव जुळत नाही.’ तो म्हणाला, ‘ताई, नंबर तोच आहे, फोटो माझाच आहे.’ त्यांनी वरिष्ठांना बोलावलं, ते दहा मिनिटं संगणकात बघत होते. उत्तर तेच. मागे रांग वाढत होती, आमच्या तिघांचे बोर्डिंग पास हातात आले होते आणि हा सॅक पायाशी ठेवून उभा होता. शेवटी आम्ही गेलो, तो परत डोंबिवलीला.

नवा अर्ज त्याने त्याच रात्री टॅक्सीत भरला. मंजुरीला साधारण तीन कामाचे दिवस लागतात. मध्ये शनिवार-रविवार आला. व्हिसा बुधवारी मिळाला, तिकीट नव्याने काढावं लागलं. दहा दिवसांच्या सुट्टीतले सहा घरी गेले. पहिला फॉर्म कुठे भरला होतास विचारलं, तर म्हणाला, लोकलमध्ये, ठाणे यायच्या आत संपवला.

उभ्याने, फोनवर, एका हातात कडी धरून व्हिसाचा फॉर्म भरायचा नसतो. घरी टेबलाशी बसा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत सुरुवातीच्या P आणि IND नंतर आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीचं पूर्ण नाव. तिथे जे आहे तेच फॉर्ममध्ये गेलं पाहिजे, अक्षर कमी नाही नि जास्त नाही. व्हिसा आला की घरातल्या कुणाला तरी समोर बसवा: एकाने पासपोर्ट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने व्हिसावर बोट ठेवायचं. नाव, नंबर, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, प्रवेशाचं ठिकाण. आमच्या घरी हे काम आई करते आणि तिने आजवर दोन चुका पकडल्या आहेत.

याच फॉर्मचा आणखी एक सापळा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. हनोई बघून लाओसला जाऊन पुन्हा सायगावला, म्हणजे हो ची मिन्ह सिटीला, उतरणार असाल तर २५ वाला चालणार नाही. आणि ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ नाही, ते सरकारी नाही. तिथे दुपटीने पैसे जातात.

जुन्या माहितीवर बेत आखणं ही तिसरी चूक. बँकॉकहून अरण्यप्रथेत-पॉइपेतमार्गे जमिनीवरून कंबोडियात शिरायचा रस्ता वर्षानुवर्षं बॅकपॅकर्सच्या पायाखालचा होता. २०२५ मध्ये दोन्ही देशांत संघर्ष पेटला आणि सीमेवरच्या चौक्या बंद झाल्या. तरीही त्याच रस्त्याचे आराखडे अजून माझ्याकडे येतात. बँकॉकच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही जानेवारी २०२३ पासून हुआ लाम्फोंगहून न सुटता क्रुंग थेप अफिवत या नव्या स्थानकातून सुटतात. जुन्या स्थानकात जाऊन उभं राहिलात तर गाडी गेली.

उलट बाजूनेही फसायला होतं. लाओसमध्ये व्हिएन्तिएन ते लुआंग प्रबांग बसने आठ-दहा तास लागायचे, म्हणून लोक लुआंग प्रबांगच गाळून टाकतात. डिसेंबर २०२१ पासून तिथे चीनला जोडणारी रेल्वे आहे आणि हेच अंतर ती दोनेक तासांत कापते. फक्त स्थानकं गावाबाहेर आहेत, तिथवरचा वेळ धरा.

रात्रीच्या बसचं गणित मला मुळीच पटत नाही. लोक म्हणतात, ‘मुक्कामाचे पैसे वाचतात आणि दिवसही वाचतो.’ लुआंग प्रबांगहून हनोईला बसने जवळजवळ चोवीस तास लागतात, वळणावळणाचा घाट, पहाटे सीमेवर थंडीत उतरून रांग. पुढचा सगळा दिवस झोपेत जातो. विमान तासाभराचं आहे. सहा महिने हिंडणाऱ्याला ती बस परवडते, बारा दिवसवाल्याला नाही.

जिथे उतरलात तिथूनच परत यायचं, हाही एक उगाच धरलेला हट्ट. मुंबईहून बँकॉकला थेट विमान आहे, तसंच व्हिएतनामहून मुंबईलाही आहे. बँकॉकला उतरा, हनोईहून परता. तिकीट थोडं महाग पडलं तरी एक दिवस हातात राहतो.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुएआंग. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर मध्ये सहा तास ठेवा.

थायलंडचं डिजिटल आगमनपत्र मे २०२५ पासून सक्तीचं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, फुकट भरता येतं.

कंबोडियात डॉलर चालतात, पण कडेला जरा फाटलेली नोट कुणी घेत नाही. नोटा घेतानाच उलटून बघा.

स्वस्त विमानांत हातातलं सामान सात किलो. दशम्या आणि चटणीचा डबाही त्यातच आला.

हवामानाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण आपली सुट्टी दिवाळीत असते आणि सगळ्यांना मध्य व्हिएतनाममधलं कंदिलांचं होई आन बघायचं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये ऐन पावसाळा असतो. ईशान्य मोसमी वारे आणि वादळं तिथे तेव्हाच पाऊस आणतात, आपल्याकडे तमिळनाडूत आणतात तसाच. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत पाणी भरतं. त्याच वेळी हनोईत हवा कोरडी नि सुखद असते, लाओसमध्ये पाऊस सरून डोंगर हिरवेगार असतात. ‘व्हिएतनामचा सीझन’ असं काही नसतं. एवढा लांब देश आहे, उत्तर, मध्य आणि दक्षिण वेगवेगळे बघावे लागतात.

त्या दिवाळीवाल्या मुलाला मी शेवटी हे लिहून दिलं: बँकॉक दोन रात्री. तिसरी रात्र लाओसच्या सीमेवरच्या नाँग खाय गावाला जाणाऱ्या रेल्वेत, कारण शयनयानाच्या बर्थवर आडवं होता येतं. सकाळी मेकाँग नदीवरच्या थाई-लाओ मैत्री पुलावरून लाओस, एक रात्र व्हिएन्तिएन. मग रेल्वेने लुआंग प्रबांग, तीन रात्री. तिथून विमानाने हनोई, चार रात्री, त्यातली हवी तर एक हनोईजवळच्या निन्ह बिन्हला. बाराव्या दिवशी हनोईहून मुंबई. कंबोडिया खोडलं. त्याने विचारलं, ‘दादा, अंकोर राहिलंच की.’ मी म्हटलं, ते पुढच्या सुट्टीत, एकटं, चार रात्री.