पपईची नळी गळू द्या: बालवाडीच्या खेळात या चुका टाळा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी डोकं चालवावं असं ठरलं की मोठी माणसं आधी खरेदीला निघतात. ठोकळ्यांचा महागडा संच येतो, तुकडे हरवतील म्हणून कपाटात जातो आणि पाहुणे आले की बाहेर निघतो. १९४५ साली बोर्डीच्या किनाऱ्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते शिंपले, बिया, पानं, दगड अशाच साहित्यावर. कोकणातल्या परसात आजही त्याहून जास्त काही लागत नाही. चुका होतात त्या सामानात कमी, मोठ्यांच्या हातात जास्त.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे मूल अडलं रे अडलं की हात पुढे करणं.

पाण्याचा खेळ घ्या. पपईच्या पानांचे तीन पोकळ देठ, प्रत्येक हातभर लांब. एक लाकडी पाट, पाण्याचा तांब्या, आणि डोळ्यांच्या बाजूची एक करवंटी. तिचा मऊ डोळा खिळ्याने पाडला की नरसाळं तयार. पाटावरून अबोलीच्या आळ्यापर्यंत पाणी न्यायचं, एवढंच मुलांना सांगायचं. देठ आदल्या संध्याकाळी कापून उभे ठेवावेत म्हणजे चीक निथळतो; सकाळी धुऊन मगच मुलांच्या हातात द्यावेत. पपईचा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर खेळ तिथेच संपतो.

आता पाणी कुठे अडतं? देठ बुंध्याकडे जाड, पानाकडे बारीक. वरच्या देठाचं बारीक टोक खालच्याच्या जाड तोंडात गेलं तर पाणी पुढे सरकतं. उलटं बसवलं की सांध्यातून गळतं. कौलांचंही तसंच: वरचं कौल खालच्यावर चढलेलं नसेल तर पहिल्याच पावसात घरात टोप मांडावे लागतात. मुलं सुरुवातीला हमखास उलटं बसवतात. काही जण नळी जमिनीवर आडवी ठेवतात, उतारच देत नाहीत.

एका अंगणवाडीत चार वर्षांची एक मुलगी अशीच उलट्या सांध्याशी झटत होती. तीनदा गळलं, चौथ्यांदा तिने देठ फिरवून त्याची दोन्ही तोंडं पाहिली. नेमकं तेव्हा बाईंनी, ‘अगो, असा नाय, असा घाल,’ म्हणत देठ तिच्या हातातून घेतला आणि बसवून दिला. पाणी आळ्यात पोचलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ती मुलगी दोन देठ हातात धरून पंधरा मिनिटं बाईंची वाट बघत उभी होती. तोंडं पाहिली तेव्हा उत्तर तिच्या हाताशी आलं होतं. तिच्या लक्षात राहिलं ते एवढंच की देठ बाई जोडतात.

म्हणून हात पाठीमागे बांधावेत आणि मनात वीसपर्यंत मोजावं. मूल चिडलेलं नसेल तर पुन्हा वीस. मग फक्त दिसतं ते बोलावं: ‘पाणी इथून गळतंय.’ तरी अडलं तर, ‘दोन्ही तोंडं सारखीच आहेत का गं?’ त्यापुढे, अगदीच गरज पडली तर, दुसऱ्याच दोन देठांवर जोडून दाखवावं आणि सोडवून ठेवावं. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला देऊन अशा मदतीचा अभ्यास केला आणि तिला परांचीची उपमा दिली. आपल्याकडे परांची बांधतात झकास, उतरवायचं मात्र विसरतात.

दुसरी चूक, जमलेला खेळ रोज तसाच मांडणं. दोन विटांमध्ये एक वीत अंतर ठेवून आंब्याच्या वाळलेल्या बाठ्यासाठी पूल बांधायला सांगा. फणसाचं पान वाकतं, झावळीचे चार-पाच हीर, म्हणजे पात्यांमधल्या ताठ काड्या, एकत्र ठेवले की बाठा टिकतो. जमलं की वीट चार बोटं सरकवायची. मग आखूड तोडलेले हीर पुरत नाहीत. आता सुपारीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद चिवट आवरण, ठेवा. सपाट तुकडा मध्ये दबतो, दोन्ही कडा वर वळलेला तुकडा ताठ राहतो. हे सांगून टाकायचं नाही. कोणीतरी वैतागून विरी दुमडतंच. अधीर पालकांना पहिल्याच दिवशी हातभर अंतर हवं असतं, आणि पूल पडला की ‘आमच्याला यात रस नाही’ म्हणून ते मोकळे होतात.

शिंपले वेगळे करायला देताना ‘रंगाप्रमाणे लाव’ म्हणू नका. कोडं संपलं, हुकूम उरला. टोपलीभर नको, तीन प्रकारचे मिळून बारा पुरे, धारदार कडा दगडावर घासून. मुलाने लावले की ‘हे एकत्र का?’ विचारा आणि उत्तर वेडंवाकडं आलं तरी ऐकून घ्या.

पंचवीस मुलं एका तांब्याभोवती बसवली की खेळतात तीन, बाकीची ढकलाढकली करतात. चार-पाचांचा गट करा.

‘हुशार आहेस’ कशाला? ‘देठ फिरवून पाहिलास’ म्हणा.

मोबाइलवरच्या कोड्यात पाणी सांडत नाही. म्हणूनच ते आवडतं, मोठ्यांना.

काही गोष्टींत मात्र सबुरी नको. ओल्या काजूबिया खेळात नकोतच, सालीतल्या तेलाने कातडी भाजते. गुंजा कितीही देखण्या असल्या तरी विषारी, त्या अंगणातही नकोत. पाठचं भावंड रांगत येणार असेल तर सुमारे ३ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू, चिंचोक्यांसकट, उचलून ठेवा. खेळ संपला की बादली लगेच रिकामी करा. लहानग्याला बुडायला टीचभर पाणीही पुरतं.

खेळून झालेले पपईचे देठ दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, सांधा धरत नाहीत आणि मुलाचं बरोबर असूनही पाणी गळतं. रोज संध्याकाळी नवे कापा. पावसात ते जमत नसेल तर बांबूचे उभे चिरलेले तुकडे पडवीत लावा, पण आधी कडांचे कुसळ विळीने तासून घ्या.