थंडीत हायब्रिड सुरू होताना खडखडते?

कडाक्याच्या थंडीत टोयोटा प्रियससारख्या हायब्रिडचं (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचं) इंजिन सकाळी दोन-चार सेकंद थरथरून खडखडलं, तर आदल्या दिवसाच्या फेऱ्या छोट्या होत्या का, ते आठवा. पाच-दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, वाफेचं पाणी साचतं आणि सुरू करताना सिलिंडरमध्ये ओढलं जातं. अधूनमधून गाडी हायवेवर सलग अर्धा तास चालवा.

२०१० ते २०१५ च्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसबाबत मात्र एवढ्यावर विसंबू नका. तिचा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) काजळीने तुंबतो, पुढे हेड गॅस्केटही (सिलिंडरवरच्या झाकणाखालचं सील) जाऊ शकतं. मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, सिलिंडरमध्ये झिरपतो. थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा, आठवड्याने पुन्हा थंड असतानाच पाहा. पातळी उतरली आणि बाहेर गळती नसेल, तर कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करून घ्या. आधीच स्पार्क प्लग बदलत बसणं म्हणजे पैसे पाण्यात.