ग्राहक भांडाराच्या निवडणुकीला उभे राहताय? या चुका टाळा

आपल्या एरियातलं सहकारी ग्राहक भांडार नीट चालावं असं मनापासून वाटतं म्हणून लोक संचालक मंडळाला उभे राहतात आणि छाननीच्या दिवशीच बाहेर पडतात. पहिल्या वेळी माझंही तेच झालं. पत्रकं छापून आलेली, माणसं जोडलेली, आणि कारण काय तर दिवाळीच्या किराण्याची ८४० रुपये उधारी नावावर, मी ती केव्हाच भरलेली पण पावती सापडेना आणि त्यांच्या वहीत नोंदच नाही. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आपल्या नावावर बाकी आहे हे मात्र माहीत नसतं. म्हणून अर्ज आणायच्या आधी स्वतःचा खातेउतारा काढा, बाकी नसल्याचा दाखला सही-शिक्क्यासकट घ्या.

प्रारूप मतदार यादी बोर्डावर लागते तेव्हाच जाऊन बघा, हरकतीला मोजकेच दिवस मिळतात. आमच्याकडे एका काकूंचं नाव यादीत माहेरच्या आडनावाने होतं, त्यांनी अनुमोदक म्हणून सासरच्या नावाने सही केली आणि त्यावरून वाद झाला. सूचक-अनुमोदकाचं नाव आणि सभासद क्रमांक यादीतून बघूनच लिहा, आठवणीने नको. राखीव जागेवर भरत असाल तर जातीचा दाखला अर्जासोबतच जोडा.

तरीही अर्ज बाद झालाच तर रागाने घरी जाऊ नका, कारण लेखी घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५२अ खाली अपिलाला ३ दिवसच असतात, मी ते दिवस लोकांना फोन करण्यात घालवले.

पण मला सगळ्यात मोठी चूक वाटते ती वेगळीच, लोक ताळेबंद न वाचता उभे राहतात. त्याच कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला तो बघायचा हक्क आहे, मागा. मी पुढच्या वेळी तीन वर्षांचे हिशोब घेऊन बसलो तर विक्री तेवढीच आणि मालतूट, म्हणजे वहीत आहे पण विकायला नाही असा माल, दरवर्षी वाढलेली. लगेच चोरीचा संशय घेऊ नका हं, आधी गोदामात जा. आमच्याकडे मागच्या भिंतीला ओल होती, थप्पीतली खालची पोती भिजून काळी पडलेली, तूरडाळीला भुंगा, आणि तो माल गपचूप तुटीत टाकला जात होता.

आणि कृपा करून "सगळं १० टक्के स्वस्त देऊ" असं पत्रकात छापू नका. किराण्यात मार्जिनच कितीसं असतं! १८४४ मध्ये इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढलं तेव्हा त्यांनीही माल बाजारभावानेच विकला आणि उरलेला नफा ज्याची जेवढी खरेदी तेवढ्या प्रमाणात परत दिला. भांडार बुडालं की नुकसान सगळ्या सभासदांचं, आणि संचालकांचा दोष निघाला तर कलम ८८ खाली वसुली त्यांच्याकडूनही होते.

दुसऱ्या वेळी घरोघरी जाताना मी पिशवीत ताळेबंद ठेवायचो. एका मावशींनी तो मागून घेतला, चष्मा लावून तुटीच्या आकड्यावर बोट ठेवलं, हे काय म्हणून विचारलं. मी गोदामाची भिंत सांगितली. त्या म्हणाल्या, मग निवडून आलास की आधी तिला प्लास्टर कर, बाकीचं नंतर बोलू.